एकवीस सेकंदांचं गाणं

माझ्या फोनात एकवीस सेकंदांचं एक गाणं आहे. त्यात शब्द नाहीत, पेटी-तबला नाही. नुसता एका सहा दिवसांच्या पोरीचा आवाज, "ऊं... ऊं... ऊं..." ऐकणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा एकच म्हणतो, "किती गोड हाय वो बाई." आजपर्यंत यात बदल झालेला नाही. मी कोणाला नावं ठेवत नाही, कारण सगळ्यांत आधी तसं मीच म्हटलं होतं, आणि तेवढं म्हणून थांबले नव्हते, तर मांडीवर हातानं ताल धरला होता. ती पोरगी म्हणजे माझी पहिली नात. ती गात नव्हती. तिला श्वास पुरत नव्हता.

हे आता हसत सांगता येतं, कारण ती पाच वर्षांची झाली आहे आणि या घडीला ओसरीवर बसून माझ्या चष्म्याची दांडी वाकवते आहे.

मी बोथजवळच्या एका गावात मराठी शाळेत मास्तरीण आहे. माझे आईबाप दुसऱ्याच्या वावरात राबले. त्यांनी पोटाला चिमटा काढून मला शिकवलं, आणि मी घरातली पहिली सही करणारी बाई झाले. त्याचा मला अभिमान आहे, आणि हा अभिमान माझ्या नाकावर बसलेला असतो, असं माझे यजमान म्हणतात. ते तहसीलात कारकून होते. निवृत्त झाले, पण बोलणं अजून दफ्तरातच आहे. भाजीत मीठ कमी पडलं तर म्हणतात, "हा मामला दुरुस्त करून फिरून पेश करा." लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तरी मला मास्तरीणबाईच म्हणतात. रागात असले तर "मास्तरीणबाई साहेब."

लेक किनवटाकडे दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. कापसाचे दिवस होते आणि आमची आदिलाबादची थंडी होती. ज्यांना वाटतं की तेलंगणात नुसतं ऊन असतं, त्यांनी पौषात एकदा आमच्याकडे येऊन सकाळी तोंड धुऊन दाखवावं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात लेक मोकळी झाली. पोरगी पंधरा-वीस दिवस आधीच आली होती, जराशी लहानखुरी, पण चांगली होती. तीन दिवसांनी आम्ही त्यांना घरी आणलं. निघताना तिथल्या नर्सबाईंनी काहीतरी समजावून सांगितलं, एक कागदही दिला. मी मान हलवून तो कागद पर्समध्ये ठेवला. मला कोण शिकवणार? मी दोन लेकरं वाढवली होती आणि हजारभर शिकवली होती.

घरी मी सगळी तयारी करून ठेवली होती. मधली खोली, तिच्यात बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. शेगडीत ओवा, वावडिंग, लसणाची सालं. खिडकीला दोन पोती ठोकली होती, दाराला जाड चादर लावली होती. आत वारा म्हणून शिरायचा नाही. सकाळ-संध्याकाळ धुरी. बाळंतिणीचं अंग सुटू नये, पोरीला थंडी बाधू नये, म्हणून आमच्याकडे हे सगळे करतात. आमच्या आईनं माझं केलं, तिच्या आईनं तिचं. पोरीला तर मी असं गुंडाळलं होतं की नुसतं नाक दिसत होतं. झबलं, त्यावर लोकरीचं झबलं, टोपडं, दुपटं आणि वरून माझी जुनी शाल. कोणी पाहायला आलं की दुपट्याचा कोपरा बोटभर उचलायची आणि लगेच झाकायची.

यातली खरी गंमत अशी, की त्याच महिन्यात मी चौथीच्या मुलांकडून फुफ्फुसांची आकृती काढून घेतली होती. धुरानं काय होतं, हे फळ्यावर पाच मुद्द्यांत लिहून दिलं होतं. शाळा सुटली की ते फळ्यावरच राहायचं आणि मी घरी येऊन निखाऱ्यावर ओवा टाकायची.

यजमानांना आत यायची परवानगी नव्हती. ते चादरीच्या बाहेर उभे राहून खोकायचे आणि म्हणायचे, "मास्तरीणबाई, आत पोरगी हाय का पापड भाजून राह्यल्या?"

"तुमी आधी आपली विडी सोडा, मग बोला," मी आतून म्हणायची. भांडणात मी कधी हरलेली नाही.

सहाव्या दिवशी सकाळी, मालिशवाली म्हातारी पोरीला तेल लावून, न्हाऊ घालून गेली. पोरीला गुंडाळून मी मांडीवर घेतलं आणि पाळणा म्हणायला लागले. माझा गळा बरा आहे. शाळेत प्रार्थनेला मीच सूर देते. आणि काय सांगू, पोरगी माझ्याबरोबर सूर लावायला लागली. मी एक ओळ म्हणायची, ती "ऊं" करायची. मी थांबले तरी तिचं चालूच. प्रत्येक श्वासाला बारीक, लांब, गोड "ऊं..." माझ्या अंगावर काटा आला. मी हाक मारली, "अहो, या इकडं, तुमची नात गाऊन राह्यली."

परवानगी नसतानाही ते धावत आले. ऐकलं. डोळे भरले त्यांचे. मग आमचं भांडण लागलं, की गळा कोणाकडून आला. त्यांचं म्हणणं, त्यांची आजी बुद्धवंदनेत अशी म्हणायची की विहार भरून जायचं. मी म्हटलं, तुमच्या आजीचं राहू द्या, तुमच्या घरात कोणाला शिट्टीही नीट वाजवता येत नाही, गळा माझ्या आईकडून आला आहे. शेजारणीला बोलावलं. तिनं ऐकलं, तिनं आणखी दोघींना बोलावलं. पोरीभोवती मैफल भरली. कोणी म्हणालं, नशीबवान हो बाई. कोणी म्हणालं, बोलायलाही लवकर लागेल.

लेक बाजेवर पडली होती. ती म्हणाली, "आई, ते दूध कमी पिऊन राह्यली. काल सांजेपासून. दोन घोट घेते अन् सोडते."

मी हसत म्हटलं, "गाणाऱ्याचं पोट गाण्यानं भरते."

बाया हसल्या. लेक हसली नाही. ती पुन्हा म्हणाली, "आई, मले बरं नाई वाटून राह्यलं." तर मी, तीस वर्षं शिकवलेली मास्तरीण, तिला काय म्हणाले? "तुझं पहिलं हाय, तुले काय समजते? मी दोन केले." हे वाक्य आठवलं की अजूनही माझं मलाच कानफटात द्यावंसं वाटतं.

मग मी फोन काढला आणि ते गाणं भरून घेतलं. एकवीस सेकंद. घरच्या ग्रुपवर टाकलं, किनवटच्या व्याह्यांना पाठवलं, आणि मन भरेना म्हणून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही टाकलं. खाली लिहिलं, "माझी नात, वय सहा दिवस, गायिका." बदाबदा हात जोडलेले, फुलं, लाल बदाम यायला लागले. मी चहा ठेवला आणि एकेक पाहत बसले.

चहाला उकळी यायच्या आत फोन वाजला. माझी एक विद्यार्थिनी. शाळेत असताना पहिल्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारला की मान खाली घालायची. आता ती दुसऱ्या जिल्ह्यात नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाली, "बाई, तुमी आता काही बोलू नका. फक्त मी सांगते तसं करा. पोरीजवळ जा."

जिनं उभ्या आयुष्यात माझ्यासमोर मान वर केली नाही, ती मला गप्प राहायला सांगत होती. मला राग आला. पण आवाजात असं काही होतं, की मी गेले.

"झबलं वर करा. सगळं काढा, छाती उघडी करा. उजेडात न्या."

मी दुपटं सोडलं, शाल सोडली, झबली वर केली. पोतं ओढून काढलं, तसा खिडकीतून उजेड आत आला. आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मी माझ्या नातीची छाती उजेडात पाहिली. न्हाऊ घालतानाही त्या धुरकट खोलीत घाईघाईनं, थंडी लागेल म्हणून, आम्ही कोणी नीट पाहिलं नव्हतं. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत जात होता. असा आत, की तिथं वाटी बसावी. नाकपुड्या फुगत होत्या. आणि बाहेर श्वास सोडताना ते "ऊं."

"खड्डा पडून राह्यला का?"

"हो."

"घड्याळ पाहून एक मिनिट श्वास मोजा. छाती एकदा वर-खाली झाली की एक."

मी मोजायला लागले. मोजणं माझं रोजचं काम, पटावर पस्तीस लेकरं असतात, रांगेत मोजते, सहलीत मोजते. बोट ठेवून मोजलं. बहात्तर भरले. मी म्हटलं, "बहात्तर. थांब, माझं चुकलं असन. परत मोजते."

"बाई, परत मोजू नका," ती म्हणाली. "निघा. ते गाणं नोहे. पोरगी कन्हून राह्यली. श्वास धरून ठेवासाठी ते तसा आवाज करते, जोर लावते. एक सेकंद बसू नका."

स्वयंपाकघरात चहा उतू गेला, तो तसाच. विद्यार्थिनी फोनवर सांगत होती आणि मी जसंच्या तसं लेकीला सांगत होते: पोरीला उघड्या अंगानं आईच्या छातीशी धर, कातडीला कातडी लागू दे, वरून शाल घे, नाक-तोंड मोकळं ठेव, वाटेत चमच्यानं काही पाजू नको. लेकीनं सगळं केलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

शेजाऱ्याची गाडी होती. तिच्यात त्या दिवशी कापूस भरायचा होता. त्यानं भरलेली दोन गाठोडी अंगणात फेकली आणि म्हणाला, "बसा." इच्चोड्यापर्यंत रस्ता बरा, मग महामार्ग. पण कापसाचे ट्रॅक्टर इतके, की प्रत्येकाच्या मागे गाडी रांगायची. यजमान पुढे बसून प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला हात जोडत होते. तहसीलात ज्यांनी आयुष्यभर लोकांना "उद्या या" सांगितलं, ते त्या दिवशी रस्त्यावरच्या प्रत्येकाला "भाऊ, जरा बाजूले" म्हणत होते.

मागे लेकीच्या छातीशी तो आवाज चालूच होता. सकाळी ज्या आवाजानं मी फुलले होते, तो आता मला ऐकवत नव्हता. मी मनात म्हणत होते, बंद हो माय, बंद हो. आणि गुडीहत्नूरच्या जवळ तो खरंच बंद झाला. लेकीनं शालीत पाहिलं. मी पाहिलं. पोरगी निळसर दिसत होती, गप्प. विद्यार्थिनीनं सांगून ठेवलं होतं, आवाज थांबला तर बरं झालं असं समजू नका, थकली असेल, तळपायाला टिचकी मारा. मी टिचकी मारली. एक. दोन. तिसऱ्या टिचकीला पाय आखडला आणि पुन्हा आलं, "ऊं." त्या आवाजासाठी मी त्या क्षणी माझी नोकरी, माझं घर, माझा सगळा अभिमान देऊन टाकला असता.

दवाखान्यात पोचलो तशी पोरीला आत नेली. डॉक्टरीणबाई तेलुगू होत्या, माझ्या लेकीच्याच वयाच्या. त्यांनी हात लावला, पाहिलं, आणि दोन मिनिटांत नाकात नळ्या, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत, बाटलीत बुडबुडे. मग बाहेर येऊन हिंदीत सांगितलं, न्यूमोनिया आहे, फुफ्फुसात जंतू गेले आहेत, हवेचा दाब देऊन श्वास चालू ठेवतो आहोत, औषध सुरू केलं आहे, पुढचे दोन दिवस नाजूक आहेत. मग विचारलं, "घर में धुआँ करते हो?"

मी म्हटलं, "नहीं."

हो, मी खोटं बोलले. मुलांना खरं बोला शिकवणारी मी, तिथं उभी राहून सरळ खोटं बोलले. डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या अंगावरच्या शालीचं टोक उचललं, नाकाजवळ नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. ओव्याचा आणि निखाऱ्याचा वास सगळ्या खोलीत पसरला होता.

यजमान पुढे आले. म्हणाले, "धुआँ है, मॅडम. सुबह-शाम. मैं तसदीक करता हूँ." मग माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाले, "माफ करा मास्तरीणबाई, पण ही दरख्वास्त खोटी लिहून चालत नाई."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. त्या म्हणाल्या, धुरानं जंतू येत नाहीत, पण इवल्या फुफ्फुसांना धूर झेपत नाही, आजार बळावतो. आणि एवढं झाकून ठेवल्यावर पोरीला त्रास होतो आहे, हे तुम्हाला दिसणार कसं? दूध सोडलं, तेव्हाच आणायला हवं होतं. आईनं सांगितलं नाही का?

लेक भिंतीशी उभी होती. म्हणाली, "सांगितलं होतं."

पुढचे दिवस कसे गेले, ते मी थोडक्यात सांगते, कारण ते मला लांबवता येत नाहीत. लेक आत, दूध काढून नळीनं द्यायला. मी, यजमान आणि धावत आलेले जावई बाहेरच्या बाकावर. लेक बाहेर यायची, जेवायची, आत जायची. माझ्याशी जेवणापुरतं बोलायची. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडणात मी पटाईत आहे. ती भांडली नाही. यजमान काचेतून बुडबुडे पाहून यायचे आणि मला अहवाल द्यायचे, "बुडबुडे चालू हाय. बुडबुडे चालू हाय म्हणजे कारवाई चालू हाय." एकदा मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ते म्हणाले, "रडा, पण हळू. इथं सगळ्याईचे लेकरं झोपले हाय."

पाचव्या दिवशी दुपारी आतून एक आवाज आला. भसाडा, फाटका, कान किटवणारा. पोरगी रडत होती. भुकेनं, रागानं, हातपाय झाडून, बेंबीच्या देठापासून. इतकं बेसूर रडणं मी शाळेत तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मी बाकावरून उठले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. बाजूच्या बाईला वाटलं माझं काहीतरी झालं. मी म्हटलं, "नाई वो, माझ्या नातीचं गाणं बंद झालं."

यजमान कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "आता सांगा, हा गळा कोणाकडचा?"

"तुमच्याच," मी म्हटलं. तेवढी एक हार मी आनंदानं मानली.

दहाव्या दिवशी घरी आलो. शेगडी मी अंगणात आणून पालथी केली. यजमानांनी तिच्यात माती भरून मिरचीचं रोप लावलं. विडीही त्याच दिवशी सुटली. त्यांच्या भाषेत, "बरखास्त."

नामकरणाला सगळा मोहल्ला आला. त्या दिवशीच्या मैफलीतल्या बायाही होत्या. एकीनं विचारलं, "बाई, ते गाणं ऐकवा ना." लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी फोन काढला आणि ऐकवलं. नव्यानं आलेल्या बाया म्हणाल्या, किती गोड. तेव्हा मी उभी राहिले आणि जसं झालं तसं सांगितलं. धूर, पोती, झबलं, लेक काय म्हणाली, मी काय म्हटलं, डॉक्टरीणबाईंपुढे खोटं बोलले तेही. आयुष्यात भाषणं खूप केली, स्वतःची चूक सांगितली ती एवढ्याच भाषणात. मालिशवाली म्हातारी रागावली. "माझ्या हाताखालून शंभर लेकरं गेले, कोणाले काही झालं नाई," म्हणून उठली आणि जेवण न करता निघून गेली.

तिथून माझा हा उद्योग सुरू झाला. गावात कोणी पोटुशी असली की मी फोन घेऊन जाते. आधी गाणं ऐकवते, गोड म्हणू देते, मग सांगते. पोरगं आईच्या छातीशी धरून ऊबदार ठेवा, पण दिवसातून दोनदा झबलं वर करून उजेडात छाती पाहा. शांत असताना पूर्ण मिनिट मोजा. साठच्या आत असलं तर बरं. साठ किंवा वर आलं, तर एकदा परत मोजा, आणि तेही तेवढंच आलं तर दवाखाना. खड्डा पडला, कण्हलं, निळं पडलं, दूध सोडलं, तर मोजत बसूच नका, निघा. आणि पोराची आई म्हणाली की मला बरं वाटत नाही, तर तिचं ऐका. हे शेवटचं मी सासवांकडे पाहून सांगते. काही सासवा माझ्यावर दात खाऊन आहेत. खाऊ देत.

गाण्याचं बरं असतं, त्याला भाषा लागत नाही. बाजारहत्नूरला तेलुगू घरात ऐकवलं, नार्नूरकडे गोंडी बोलणाऱ्या बायांत ऐकवलं, सगळीकडे चेहरे तसेच फुलतात आणि मग तसेच उतरतात. आता मला दिवसभर फोन येतात. बहुतेक वेळा उचकी असते, नाक चोंदलेलं असतं, दूध पिऊन झोपेत केलेली कुरकुर असते. एका बाप्यानं तर वासराचा व्हिडिओ पाठवला, "बाई, याचं किती पायजे?" मी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे धाडलं आणि तासभर हसले. यजमान म्हणतात, मास्तरीणबाईंचं कचेरीचं काम माझ्यापेक्षा वाढलं. पण मधूनच एखादा आवाज खरा असतो. तेव्हा मी माझ्या विद्यार्थिनीचेच शब्द वापरते, "परत मोजू नका. निघा." गेल्या वर्षी असाच एक फोन त्या मालिशवाल्या म्हातारीनं केला. एका घरी पोराला न्हाऊ घालताना तिला खड्डा दिसला होता. पोरगं वाचलं. तो एक फोन सोडला तर म्हातारी अजून माझ्याशी बोलत नाही, पण येता-जाता माझ्या कुंपणावर शेवग्याच्या शेंगा ठेवून जाते.

एक मात्र मिटलं नव्हतं. लेक माहेरी यायची, हसायची, राहायची. पण पोरगी जराशी खोकली, की माझ्या मांडीवरून हळूच उचलून घ्यायची. काही बोलायची नाही. गावभराची लेकरं माझ्याकडे विश्वासानं यायची आणि माझी स्वतःची नात खोकली की माझ्याकडून जायची. मी तक्रार कोणाकडे करणार? तिचं बरोबरच होतं. तिनं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

यंदा तिचं दुसरं होतं. मी धरून चालले होते की ती किनवटालाच राहील. तर सातव्या महिन्यात तिचा फोन आला, "आई, मी येऊन राह्यली." मी म्हटलं, "काऊन?" दुसरं काही सुचलंच नाही. ती म्हणाली, "काऊन म्हणजे? बाळंतपण माहेरी नाई करत का कोणी?"

मधली खोली मी चुन्यानं पांढरी केली. खिडकीला पोतं नाही, डासांची जाळी लावली. कोपऱ्यात विजेचा हीटर, यजमानांनी तीन वेळा मुआयना करून पास केलेला. पोरगा झाला. घरी आणला. पहिल्या दिवशी मी दाराशीच उभी राहिले. मोठी नात बाजेवर बसून भावाला शाळेची प्रार्थना ऐकवत होती, एकही सूर जागेवर नव्हता, अगदी आजोबांचा गळा.

लेकीनं मला पाहिलं. म्हणाली, "तिथं काऊन उभी राह्यली? ये."

मी बसले. तिनं पोराला माझ्या मांडीवर ठेवलं. खिडकीतून ऊन येत होतं. तिनंच त्याचं झबलं वर केलं आणि म्हणाली, "मोज."

मी घड्याळ पाहिलं आणि मोजायला लागले. छाती वर, छाती खाली. खड्डा नाही, आवाज नाही. एकोणतीस, तीस, एकतीस. मग डोळे भरले आणि पुढचं काही दिसेना. पस्तीस लेकरांच्या रांगेत जी कधी चुकली नाही, ती एका पोराच्या श्वासात चुकली. मी म्हटलं, "चुकलं माझं. परत मोजू का?"

"मोज ना," लेक म्हणाली आणि उशीला टेकून तिनं डोळे मिटले. "काही घाई नाई."